गाडी गरम झाली की मिसिंग मारते, थंड झाली की साळसूद! कोणीतरी वाट दाखवा

कासारवडवलीकर · ८ जून, रात्री ११:२०

मंडळी, धागा काढायची वेळ आली म्हणजे खरंच हात टेकलेत असं समजा.

गाडी २००८ ची, छोटी हॅचबॅक, १.१ लिटर पेट्रोल, ४ सिलिंडर, २०१२ ला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, एक लाख ३८ हजार झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "ही गाडी घेतलीसच का" यावर जातील. १५ वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून, पासिंग करून पुढची पाच वर्षं घेतलीयेत त्यामुळे "विकून टाक" हा सल्लाही नको.

तर प्रॉब्लेम असा की सकाळी कासारवडवलीहून निघालो की मानपाड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. कापूरबावडीच्या रांगेत पंधरावीस मिनिटं सरकत सरकत गेलो की सिग्नलला उभी असताना एकदम थरथरायला लागते, स्टिअरिंग हलतं, आरशात मागची गाडी दोन-दोन दिसते, फट-फट-फट असा सायलेन्सरचा आवाज, अगदी चारऐवजी तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी, म्हणजेच मिसिंग. मग कळवा पूल, विटावा करत ठाणे-बेलापूर रोडला लागलो आणि ६० चा स्पीड धरला की परत काहीच नाही! महापेला ऑफिसात लावतो. संध्याकाळी थंड गाडी, परत लोणी, परत ट्रॅफिक, परत तेच. आणि रोज नाही बरं का, आठवड्यातून तीन-चार दिवस. गॅरेजला नेली की एकदम शहाण्या बाळासारखी वागते.

होळीच्या सुमारास सुरू झालं म्हणजे पावसाचा संबंध नाही. आत्तापर्यंत काय काय केलं: चारही प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कॉइल नवीन टाकली, थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर क्लीनिंग, एअर फिल्टर. एकूण ११ हजार ४०० गेले. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पण चेक झालंय, ओके आहे. स्कॅनर लावला तर "नो फॉल्ट". वागळे इस्टेटमधला आमचा मिस्त्री चांगला माणूस आहे, फसवणारा नाही, पण आता तो पण म्हणतो साहेब ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघू या. त्याचा आकडा ऐकून मी घरी आलो.

---

नेरूळचा_बाळू · ८ जून, रात्री ११:४१

सेम टू सेम!!! माझी पण मिसिंग मारते पण माझी पावसात. परवा पाम बीचवर एवढ्या झटक्यांनी चालली की बायको म्हणाली रिक्षा करूया. वाचतोय. खुर्ची टाकून बसलोय.

---

पेट्रोलपुराण · ९ जून, सकाळी ७:०५

एकच शब्द. इथेनॉल. २०२२ ला १० टक्के झालं, २०२५ ला २० टक्के झालं, आणि तुमची गाडी २००८ ची. तिला काय घंटा माहीत इथेनॉल काय असतं ते. रबराचे पाईप फुगतात, टाकीत पाणी धरतं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. सगळ्या जुन्या गाड्या मिसिंग मारायला लागल्यात, माझ्या मेव्हण्याची पण. एकदा रिकामी करून ब्रँडेड महाग पेट्रोल भरून बघा, फरक कळेल.

---

सानपाड्याची_ताई · ९ जून, सकाळी ९:३०

पेट्रोलपुराण, इथेनॉलचे गुण-दोष आहेत, नाही म्हणत नाही, पण ह्यांच्या लक्षणात ते बसवायचं कसं? साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला (२० टक्के इथेनॉलवालं) साधारण साडेतेरा, म्हणजे इंधन थोडं जास्त ओतावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी तेवढं स्वतः जुळवून घेते, कार्ब्युरेटरवाली घेत नाही. आणि पेट्रोलच खराब असेल तर चारही सिलिंडरला खराब, थंड असताना तर जास्तच रडेल. इथे उलटं चाललंय.

कासारवडवलीकर, आधी दोन-तीन गोष्टी सांगा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे बंद होईल.

सीएनजीवर असताना मारते की पेट्रोलवर, का दोन्हीवर? हे पहिलं, आणि ह्याचं उत्तर सगळ्यात मोलाचं आहे.

मिसिंग आली की आरपीएमचा काटा शून्यावर पडतो का, किंवा गाडी पूर्ण बंद पडते का? पडत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा), तो गरम झाला की मरतो आणि थंड झाला की जिवंत होतो.

रेस हलकी दाबून १५००-२००० वर धरली तर थांबते का वाढते?

एसी लावल्यावर काय?

आणि स्कॅनरच्या "नो फॉल्ट"वर विसंबू नका. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःच बिघाड ओळखून कोड द्यायची व्यवस्था) एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. २००८ ची गाडी बीएस-३, तिचा कॉम्प्युटर सेन्सर तुटला तर सांगेल, पण सिलिंडर मिस होतोय हे मोजतच नसेल तर सांगणार काय? नव्या गाड्यांत पी०३०१, पी०३०२ असा सिलिंडरचा नंबर सकट कोड येतो कारण तिथे क्रँकचा फिरण्याचा वेग सतत मोजतात आणि एखादा स्फोट हुकला की तो वेग तेवढ्यापुरता पडतो. तुमच्याकडे ती सोय नाही म्हणजे हाताने शोधायचं.

(अवांतर: वडिलांचं तुर्भ्याला गॅरेज होतं, बारावीपर्यंत माझा अभ्यास तिथल्या टायरवर बसून झालाय. म्हणून एवढी चुरचुर.)

---

कासारवडवलीकर · ९ जून, दुपारी १:१५

ताई धन्यवाद, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. सीएनजीवरच चालवतो नेहमी, पेट्रोल फक्त स्टार्टला. पेट्रोलवर गरम असताना कधी बघितलंच नाही खरं सांगायचं तर, उद्या बघतो. काटा पडत नाही, ८०० च्या ऐवजी ५५०-७५० असा नाचतो. बंद एकदाच पडली, एसी चालू असताना तीन हात नाक्याला, आणि मागच्या बसवाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. रेस धरली की बरीच कमी होते, दोन हजारला जवळपास नाहीच. एसी लावला की जास्त.

चेक लाइट कधीच लागलेला नाही.

---

मिस्त्री_नाही_मी · ९ जून, दुपारी ३:४०

रेस धरल्यावर थांबते म्हणजे व्हॅक्युम लीक असू शकतो, इनटेकच्या गॅस्केटमधून किंवा ब्रेक बूस्टरच्या पाईपमधून जास्तीची हवा आत जात असेल. आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) तेवढी हवा पण फार होते, रेस दिली की त्या मानाने नगण्य. गाडी चालू ठेवून इनटेकच्या जोडांवर थोडा कार्ब क्लीनर मारा, आरपीएम बदलला की तिथे भोक. गरम एक्झॉस्टवर मारू नका प्लीज, आग लागेल.

दुसरं म्हणजे अर्थिंग. हे कोणी बघतच नाही. इंजिन ते बॉडी जी वेणीसारखी पट्टी असते ती आपल्या खाडीच्या हवेत हिरवी होऊन आतून सडते, वरून छान दिसते. माझ्या भावाची गाडी ऐरोलीला खाडीकडे लावलेली असते, तिला सहा महिने लोक सेन्सर बदलत होते, शेवटी ऐंशी रुपयांची पट्टी निघाली. मल्टिमीटर डीसी व्होल्टला लावा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, गाडी चालू, हेडलाइट-एसी सगळं लावलेलं. ०.१ च्या आसपास ठीक, ०.३-०.४ दिसलं तर पकडला चोर.

कॉइल गरम झाल्यावर जाते हेही असतं पण तुम्ही नवीन टाकलीये. नवीन म्हणजे चांगली असं नव्हे हे लक्षात ठेवा, बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे.

---

नेरूळचा_बाळू · ९ जून, रात्री १०:१०

माझं पण सांगा ना कोणीतरी. पावसात मारते, सुकली की नीट. २००६ ची आहे, प्लगच्या वायरी कधी बदलल्या आठवत नाही.

---

सानपाड्याची_ताई · ९ जून, रात्री १०:२५

बाळूभाऊ तुमचं सोपं आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडा, गाडी चालू ठेवा, फुलझाडांना मारायची स्प्रेची बाटली घेऊन कॉइलवर आणि वायरींवर लांबून पाण्याचं धुकं मारा. निळ्या ठिणग्या बाहेरच्या बाहेर इंजिनवर उड्या मारताना दिसल्या की वायरी गेल्या. हात लावू नका, वीस-तीस हजार व्होल्टचा झटका असतो, पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळही उभं राहू नये. आणि दिसलंच तर वायरींचा पूर्ण सेट आणि प्लग एकदम बदला. जुन्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळी पेन्सिलची रेघ असल्यासारखी दिसते, ठिणगी तिथूनच घसरते आणि नवीन वायर पण खराब करते.

---

नेरूळचा_बाळू · १० जून, रात्री १२:५५

ताई!!! दिवाळी!!! बिल्डिंगच्या वॉचमनला पण बोलावून दाखवलं. उद्याच सेट आणतो. धन्यवाद. मी आता इथे फक्त प्रेक्षक.

---

कासारवडवलीकर · ११ जून, रात्री ९:५०

रिपोर्ट देतो.

अर्थिंग मोजलं, ०.०६ आलं, ठीक. कार्ब क्लीनर मारून झाला, काही फरक नाही, फक्त शर्ट खराब झाला.

आणि काल कापूरबावडीला मिसिंग सुरू झाल्याबरोबर बटण दाबून पेट्रोलवर टाकली. पेट्रोलवर पण मारते. अगदी तशीच, तीच लय. परत सीएनजी, परत पेट्रोल, काही फरक नाही.

आता काय समजायचं?

---

सानपाड्याची_ताई · ११ जून, रात्री १०:३०

समजायचं की अर्धा बाजार बंद झाला. सीएनजीचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस फिल्टर एकीकडे, पेट्रोलचा पंप, फिल्टर, टाकीतलं पाणी दुसरीकडे. दोन्ही एकाच वेळी एकाच तालात बिघडणार नाहीत. म्हणजे इंधन सुटलं (पेट्रोलपुराण, सॉरी हं). उरली ठिणगी, हवा आणि दाब. लोक सीएनजी किटला नावं ठेवतात पण दोन इंधनं असली की अशी फुकटात परीक्षा होते.

आता कुठला सिलिंडर ते काढा. गरम करा, मिसिंग येऊ द्या, पेट्रोलवर ठेवा आणि पेट्रोलच्या इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढून लगेच परत लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की गाडी आणखी थरथरेल, ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो कामचुकार. प्लगची वायर ओढून हा खेळ करू नका, मिस्त्री लोक करतात, पण त्यात झटका बसतो, कॉइल मरते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. आणि उघड्यावर करा, स्टिल्टच्या बंद पार्किंगमध्ये नको, धूर चढतो.

---

कासारवडवलीकर · १३ जून, सकाळी ११:०५

शनिवार सत्कारणी. गाडी वाघबीळपर्यंत फिरवून आणली, एसी लावून सोसायटीच्या गेटबाहेर पंचवीस मिनिटं उभी केली, सेक्रेटरी येऊन "गॅरेज आहे का हे" म्हणून गेले, त्यांच्या देखतच मिसिंग सुरू झाली आणि तेच म्हणाले, "अहो ही तर तीनवर चाललीये!" मग तेच टॉर्च धरून उभे राहिले. असो.

१ काढला, हलली. २ काढला, हलली. ३ काढला, ढिम्म. ४ काढला, हलली. दोनदा केलं. ३ नंबर.

मग २ आणि ३ ची प्लगची वायर अदलाबदल होत नाही (लांबी वेगळी), म्हणून जुन्या सेटमधली ३ ची लावून बघितली, तेच. ३ चा प्लग ४ ला आणि ४ चा ३ ला, तरी ३ च. प्लग काढला तेव्हा रंग बाकीच्यांसारखाच होता, तेलकट नाही. भोकात तेल पण नव्हतं.

एक गंमत म्हणजे सेक्रेटरी म्हणाले की इंजिन बाकी फार गुळगुळीत आहे हो तुमचं, एवढी जुनी गाडी आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) टिकटिक आवाज पण नाही. तेवढंच एक कौतुक पदरात पडलं.

---

मिस्त्री_नाही_मी · १३ जून, दुपारी १२:२०

२ आणि ३ एकाच कॉइलवर असणार, ह्या गाड्यांत १-४ आणि २-३ अशी जोडी असते, एकाच वेळी दोन्हीकडे ठिणगी पडते. २ नीट आहे म्हणजे ती कॉइल नीट आहे. वायर झाली, प्लग झाला. ठिणगी पण सुटली म्हणायची. उरला दाब, पण तुम्ही म्हणताय कॉम्प्रेशन ओके. मग मला पण आता ईसीएमच वाटायला लागलंय.

---

एम८०वाला · १३ जून, दुपारी ४:४५

मी इथे फक्त वाचायला येतो, पण आता राहवलं नाही.

कासारवडवलीकर, ते सेक्रेटरी काय म्हणाले ते परत वाचा. टॅपेटचा आवाज नाही! मी चाळीस वर्षं हेच काम केलं, आधी लालबागला, मग कळव्याला. आमचे उस्ताद म्हणायचे, वाजणारा टॅपेट पगार मागतो, गप्प बसलेला टॅपेट हेड मागतो, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भागच. वाजतो म्हणजे फट जास्त आहे, त्रास आवाजाचा. वाजतच नाही म्हणजे फट संपत आलीये.

आता ऐका. एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेला धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह गरम झाला की लांब होतो. त्यासाठी थंड असताना टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी फट ठेवतात. सीएनजी कोरडा गॅस, पेट्रोल कसं ओलं जातं, जाताना थोडं थंड करतं, ह्याचं तसं नाही. म्हणून सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट (बंद होताना तो जिथे टेकतो ती कडी) हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर वर चढत जातो हेडमध्ये. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सीटवर थर धरायचं, ते २००० साली देशभर बंद झालं. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीला सीट कडक धातूची देतात, तुम्ही बाहेरून किट लावलंय, तुमची सीट साधी. व्हॉल्व्ह वर चढला की फट कमी होते. थंड असताना जेमतेम उरते, म्हणून सकाळी लोणी. ट्रॅफिकमध्ये तापला, लांब झाला, फट शून्य, आता व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, दाब गळतो. आयडलला गळायला भरपूर वेळ मिळतो म्हणून मिस. दोन हजारला वेळच नाही गळायला, म्हणून ठाणे-बेलापूर रोडला परत लोणी.

टॅपेट शेवटचे कधी सेट केले?

---

कासारवडवलीकर · १३ जून, सायंकाळी ५:३०

काका, टॅपेट सेट करतात हेच मला माहीत नव्हतं. 😬 पण मग कॉम्प्रेशन ओके कसं आलं? १६८, १६५, १६०, १६६ पीएसआय, माझ्याकडे मिस्त्रीने लिहून दिलेला कागद आहे.

---

सानपाड्याची_ताई · १३ जून, सायंकाळी ५:३४

गरम असताना मोजलं की थंड??

---

कासारवडवलीकर · १३ जून, सायंकाळी ६:१०

फोन केला आत्ता. मी रात्री गाडी सोडून आलो होतो, त्याने सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मोजलं.

---

सानपाड्याची_ताई · १३ जून, सायंकाळी ६:१२

🤦‍♀️ घ्या. मी पण आधी विचारायला हवं होतं, "ओके" वाचलं आणि पुढे गेले. रोगी झोपलेला असताना ताप मोजलाय.

---

मिस्त्री_नाही_मी · १३ जून, सायंकाळी ६:४०

ईसीएमवाला प्रतिसाद मी गुपचूप मागे घेतो.

---

एम८०वाला · १३ जून, रात्री ८:००

मिस्त्रीला दोष देऊ नका, गाडी थंड हातात आली तर तो काय करणार.

उद्या एक करा, खर्च शून्य. मिसिंग चालू असताना दहाची नोट, कुरकुरीत घ्या, मऊ नको, सायलेन्सरच्या तोंडापाशी दोन बोटांत धरा. चांगलं इंजिन नोटेला सतत बाहेर ढकलतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसत नसेल तर मधूनमधून नोट आत ओढली जाते, चिकटते, परत उडते. हात भाजू नका. शंभरची घेऊ नका, आत गेली तर मी जबाबदार नाही.

नोट ओढली म्हणजे शंभर टक्के व्हॉल्व्हच असं नाही, साधी मिसिंग असेल तरी थोडी ओढते. पण ओढलीच तर गरम गाडी घेऊन थेट गॅरेजला जा आणि तिथल्या तिथे कॉम्प्रेशन.

---

पेट्रोलपुराण · १३ जून, रात्री ८:४५

दहाची नोट आता मिळते कुठे, नाणी आहेत सगळीकडे. बाकी काका तुमचं पटलं. पण इथेनॉलवर मी वेगळा धागा काढणार आहे.

---

कासारवडवलीकर · १५ जून, रात्री ११:३०

नोट ओढली!!! भाचा व्हिडिओ काढत होता, प्रत्येक फट-फट आवाजाला आत चिकटत होती.

आज हाफ डे टाकला. गाडी मुद्दाम घोडबंदरच्या रांगेतून नेली (आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅफिक हवा होता आणि नेमका रस्ता मोकळा, गायमुखपर्यंत उगाच जाऊन यावं लागलं), थरथर सुरू झाल्यावर तशीच वागळे इस्टेट. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवलं होतं, तो हातात फडकं घेऊन तयारच. गरम गरम प्लग काढले, पेट्रोलचा फ्यूज काढला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला.

१ ला १७२. २ ला १७०. ३ ला ९५. ४ ला १६८.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, ९५ चे ९८, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीत (त्या असत्या तर ऑइलने दाब बराच वाढला असता), व्हॉल्व्हच. मिस्त्री स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होता, म्हणाला साहेब सीएनजीच्या रिक्षांचे टॅपेट मी डोळे झाकून बघतो आणि तुमच्या गाडीचे बघितले नाहीत.

गाडी तिथेच ठेवली, टॅपेट थंड इंजिनला सेट करायचे असतात म्हणून उद्या सकाळी.

---

कासारवडवलीकर · १६ जून, रात्री ९:१५

झालं. टॅपेट कव्हर उघडलं. मॅन्युअलप्रमाणे एक्झॉस्टला ०.१८ मिमी फट पाहिजे. १ ला ०.१०, २ ला ०.१२, ४ ला ०.१०, आणि ३ ला त्याच्याकडची सगळ्यात बारीक ०.०५ ची पट्टी पण आत जाईना. इनटेकचे जवळपास बरोबर होते. सगळे सेट केले, कव्हरचं गॅस्केट नवीन, एकूण ९५० रुपये. अकरा हजार चारशे आणि मग ९५०.

संध्याकाळी एसी लावून अख्खी कापूरबावडी, माजिवडा, परत कासारवडवली. काटा ८०० वर खिळ्यासारखा. आता हलकी टिकटिक ऐकू येते आणि ती ऐकून इतकं बरं वाटतंय की गाणी लावली नाहीत.

काका, ताई, तुम्हा दोघांना मामलेदारची मिसळ माझ्याकडून. तिखटाचा दर्जा तुम्ही ठरवा.

---

एम८०वाला · १६ जून, रात्री ९:४०

मध्यम. पोट आता पूर्वीसारखं नाही.

आनंद झाला, पण पूर्ण सुटलं असं समजू नका. फट परत कमी होणार, सीट झिजतीये ती थांबलेली नाही. तीन हजार किलोमीटरवर एकदा फक्त मोजून घ्या, वेग कळेल. हळू असेल तर दर दहा हजारला टॅपेट सेट करत वर्षानुवर्षं चालेल. भरभर असेल तर ३ चा व्हॉल्व्ह जळायच्या आत हेड उतरवून कडक सीट घालून घ्या. आणि सीएनजीवर प्लगची गॅप ०.७-०.८ ठेवा, गॅसला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठी असेल तर कॉइल-वायरींवर ताण येतो.

---

मिस्त्री_नाही_मी · १७ जून, सकाळी ८:१०

हेड कशाला उतरवायचं एवढ्यात? रोज शेवटचे चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, चढावर पेट्रोलवर टाका, झीज कमी होईल. २००८ च्या गाडीत हेडचा खर्च म्हणजे गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा.

---

सानपाड्याची_ताई · १७ जून, सकाळी ९:००

शेवटच्या किलोमीटरांनी काय होणार, झीज जिथे होते ती सलग गरम, लोड असतानाची. चढावर पेट्रोल हे पटतं. पण तीन हजारनंतरचा आकडा येईपर्यंत दोन्ही बाजू उगाच भांडतायत असं माझं मत.

---

ऐरोली_एक्सप्रेस · २ जुलै, दुपारी २:२०

छान धागा. माझी डिझेल आहे, ती पण थंड असताना मिसिंग मारते, नोट धरून बघू का?

---

सानपाड्याची_ताई · २ जुलै, दुपारी २:३१

डिझेलला प्लगची ठिणगीच नसते हो, थंड असताना म्हणजे आधी ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा) बघा. वेगळा धागा काढा, येते तिकडे.

---

कासारवडवलीकर · २४ सप्टेंबर, रात्री १०:०५

आकडा आला. ३,१०० किलोमीटर झाले, आज थंड गाडीवर मोजलं. १, २, ४ जिथल्या तिथे, ०.१७-०.१८. पण ३ नंबर ०.१८ वरून ०.११ वर आलाय. परत सेट केला, मिसिंग अजून एकदाही नाही. मिस्त्री म्हणतो ३ ची सीट नुसती झिजत नाहीये, सैल पण झाली असावी, नाहीतर एकटीच एवढी कशी पळेल.

दिवाळीपर्यंत पेट्रोलवर चालवतो, खिशाला चाट बसेल पण ठीक. दिवाळीनंतर हेड उतरवतोय.

---

एम८०वाला · २४ सप्टेंबर, रात्री १०:२०

उतरवाल तेव्हा तीनचा व्हॉल्व्ह आणि सीट दोन्हीचे फोटो टाका. आणि मिस्त्रीला सांगा, सीट फ्रीजमध्ये गार करून, हेड तापवून बसवायची, हातोड्याने ठोकून नाही.

---

नेरूळचा_बाळू · २४ सप्टेंबर, रात्री १०:४८

माझी अख्ख्या पावसात एकदाही मारली नाही. मिसळीला मला पण बोलवा.